अपुऱ्या चित्रपटांचे दप्तर

चित्रपटाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा तो पडद्यावर आल्यानंतरचे असते, आणि ते साहजिकही आहे. प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते ते सिद्ध झालेल्या कृतीचे. परंतु जो मनुष्य कोणत्याही संस्थेचा पगारी नोकर नाही, ज्याच्या पाठीशी कोणी धनिक उभा नाही, आणि जो पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावी राहून स्वतःच्या मुखत्यारीने चित्रपट करू पाहतो, त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग अपुऱ्या चित्रपटांच्या सहवासात जातो. हे अपुरे चित्रपट कागदाच्या गठ्ठ्यांत असतात, ध्वनिमुद्रणांच्या तुकड्यांत असतात, अर्जांच्या स्थळप्रतींत असतात. त्यांना नाव असते, अंदाजपत्रक असते, कधी कधी दहापाच मिनिटांचे चित्रीकरणही असते. नसतो तो फक्त शेवट. अशा चार विषयांचे दप्तर सांभाळताना जे मला उमगले ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

चारांपैकी पहिला विषय म्हणजे दशावतारी कंपनीतील एका वृद्ध नटाची कथा. दुसरा तेरेखोल नदीच्या अंगाने पसरलेल्या आमच्या खाजनशेतीवरचा माहितीपट. तिसरा पेडण्याच्या रेल्वे बोगद्यावरचा. आणि चौथा डिचोलीच्या खाणपट्ट्यात घडणारी एक कौटुंबिक कथा. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले हे चार विषय एकाच माणसाने एकाच वेळी का हाताळावेत, त्यांतला एक धरून तो तडीस का नेऊ नये, असा प्रश्न मला आप्तेष्ट विचारतात, आणि अधिक गंभीर मुद्रेने अर्थसाहाय्य देणारे अधिकारीही विचारतात. त्याचे उत्तर माझ्या आळसात किंवा चंचलतेत शोधण्यापेक्षा या मुलखाच्या शेतीत शोधावे असे मी त्यांना सुचवितो. आमच्याकडच्या जुन्या कुळांकडे मोरडीवरचा तुकडा असे, खेरातला असे आणि खाजनातलाही असे. एका जागी पाणी उतरले की दुसऱ्या जागी काम निघे, सरदीचे पीक संपले की वायंगणाकडे लक्ष वळे, आणि एक तुकडा बुडाला तरी घर उपाशी राहत नसे. माझे विषयही असेच निरनिराळ्या पातळीवर आणि निरनिराळ्या ऋतूंत पिकणारे आहेत. दशावतार कार्तिकातल्या जात्रांपासून वैशाखापर्यंत. खाजन मृगापासून पुढे. बोगदा आषाढ-श्रावणात, जेव्हा डोंगरातले पाणी बोलू लागते. आणि डिचोलीची तांबडी धूळ पाऊस ओसरल्यावर. यांपैकी कोणत्याही एकाच विषयाला वाहून घेतले असते, तर वर्षाचा अर्धाअधिक काळ हात बांधून बसावे लागले असते.

दशावताराची कथा मला सर्वांत जवळची, आणि कागदावर उतरविण्यास सर्वांत दुर्घट. जात्रेच्या रात्री देवाची पालखी फिरून आली की देवळाच्या आवारात खेळ उभा राहतो. सिंधुदुर्गातील कंपन्या तेरेखोल ओलांडून आमच्याकडे येतात, बरोबर मुखवट्यांचा पेटारा आणतात, आणि त्या पेटाऱ्यातील गणपतीची पूजा झाल्यावाचून नट रंग लावीत नाहीत. देवळालगतच्या एखाद्या खोलीत प्रत्येक नट आपली ट्रंक उघडून, हातात आरसा धरून, स्वतःचे तोंड स्वतः रंगवतो. त्या रात्री कोणते आख्यान लावायचे हे कित्येकदा त्याच संध्याकाळी ठरते. आणि पायपेटी, मृदंग व झांज यांच्या साथीने आड दशावतारातला संकासूर येऊन लोकांना हसवून गेला की मुख्य आख्यान सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. या सर्व काळात कोणाच्याही हाती लिखित संहिता नसते. नटाने पुराण ऐकलेले असते, वडीलधाऱ्या नटांचे बोलणे कानांत साठवलेले असते, आणि समोरच्या पात्राने टाकलेल्या वाक्याला तेथल्या तेथे उत्तर देण्याची हिंमत त्याच्या अंगी असते; तेवढ्या भांडवलावर तो रात्रभर राजा, ऋषी किंवा राणी होऊन वावरतो. अशा माणसांविषयीच्या चित्रपटासाठी मात्र माझ्याकडे पहिली मागणी होते ती संवादांसह पूर्ण पटकथेची. मी ती लिहिली आहे, अनेकदा लिहिली आहे. परंतु प्रत्येक मसुदा एखाद्या जाणत्या दशावतारी नटाला वाचून दाखवला की तो नम्रपणे ऐकून घेतो आणि मग तोच प्रसंग स्वतःच्या शब्दांत असा काही करून दाखवतो की माझे पान जागच्या जागी निस्तेज होते. शेवटी मी पटकथेत प्रसंगाचा आरंभ, त्यातील पेच आणि त्याचा शेवट एवढेच ठेवले, आणि मधली जागा नटाच्या हवाली केली. हा निर्णय कलेच्या दृष्टीने मला योग्य वाटतो. अर्जाच्या दृष्टीने मात्र ती पाने कोरी ठरतात.

त्यात २०२५ च्या सप्टेंबरात दिलीप प्रभावळकर यांची प्रमुख भूमिका असलेला ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला व लोकांनी तो उचलून धरला. त्यानंतर माझ्या विषयासंबंधी मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. एका गृहस्थांचे म्हणणे पडले की हा विषय आता झाला, तो सोडून द्यावा. दुसऱ्यांचे म्हणणे पडले की विषयाला आता मागणी आली आहे, तेव्हा तो सहा महिन्यांत उरकावा. दोघेही अनुभवी, दोघेही हितचिंतक. आणि दोघांच्याही हिशेबात माझा वृद्ध नट कोठेच नव्हता. बाजाराला विषय एक तर शिळा वाटतो किंवा ताजा. तो कोणाच्या आयुष्यात अद्याप चालू आहे, याची दखल घेण्याचा रकाना त्याच्या वहीत नाही.

खाजनाची गोष्ट निराळी. तेथे माणसे थोडी, काम पुष्कळ आणि काळ संथ आहे. भरतीचे खारे पाणी शेतांत शिरू नये म्हणून आमच्या पूर्वजांनी खाडीच्या कडेने मातीचे बांध घातले आणि त्यांत मानशी बसविल्या. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात तेथे उभे राहते. ही सारी यंत्रणा कोणत्याही इंजिनावाचून शतकानुशतके चालली; परंतु तिच्या पोटात एक कायमचा कज्जा आहे, आणि माहितीपटाचे खरे नाट्य मला त्यात दिसते. मानशीतील मासळीचा दरवर्षी लिलाव होतो, ज्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. पावणी घेणाऱ्याला खारे पाणी जितके अधिक आत येईल तितकी मासळी अधिक, आणि भात करणाऱ्याला तेच पाणी म्हणजे अनर्थ. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे आली. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला हे न्याय्यच झाले, परंतु बांधावर दरसाल माती टाकणारे हात मात्र हळूहळू नोकरीधंद्यासाठी पांगले. खेकड्याने पोखरलेले भोक वेळीच बुजवले नाही तर तेथून बांध फुटतो, आणि एकदा खारे पाणी साचून राहिले की दोनचार वर्षांत शेताच्या जागी खारफुटी उगवते.

या विषयाचे चित्रीकरण मी पैशाची वाट न पाहता चालू ठेवले आहे, कारण त्याला फारसा पैसा लागतच नाही. लागते ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि चिखलात उभे राहण्याची तयारी. ध्वनीच्या बाबतीत मात्र माझ्या हाती एक अनपेक्षित दस्तऐवज आला. मोपाच्या सड्यावरील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली, आणि तेव्हापासून खाजनातल्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात बेडूक, पाणी आणि मानशीच्या दारांचा आवाज यांच्यावरून अधूनमधून विमानाची घरघर जाते. त्याआधी केलेल्या ध्वनिमुद्रणात ती नाही. ते आवाज मी केवळ पुढे पार्श्वध्वनीसाठी उपयोगी पडतील म्हणून जमविले होते. आज ते पुन्हा कोणत्याही किमतीला मिळणार नाहीत. दशावताराच्या कथापटातील सगळ्या रात्री याच ध्वनिमुद्रणावर उभ्या राहणार आहेत, कारण ती कथा विमानतळापूर्वीच्या काळात घडते. एका अपुऱ्या चित्रपटाने दुसऱ्या अपुऱ्या चित्रपटाला परस्पर केलेली ही मदत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखवता येत नाही. पण अनेक विषय बरोबर बाळगण्याचा सर्वांत मोठा लाभ मला विचाराल तर तो हाच.

आता बोगद्याविषयी. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली, आणि सुमारे साडेसातशे किलोमीटरांचा तो मार्ग सलग वाहतुकीस खुला झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. मधल्या काळात रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा कठीण कातळातून पार झाला. आणि पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरांचा बोगदा मात्र सगळ्या मार्गाला अखेरपर्यंत अडवून बसला. कारण येथे कातळ नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ चिकणमाती होती, जी खणावी तितकी वरून व बाजूंनी पुन्हा आत येत असे. यंत्रे तेथे निरुपयोगी ठरत, इंचाइंचाने आधार देत माणसांच्या हातांनी पुढे सरकावे लागे, आणि त्या कामात मजुरांचे प्राणही गेले. गाडी सुरू झाली, वर्तमानपत्रांतून अभिनंदने झाली, पण डोंगराने आपला हट्ट सोडलेला नाही. २०२० च्या ऑगस्टात त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळून गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या, आणि २०२४ च्या जुलैत आत पाण्याचे लोंढे शिरून वाहतूक पुन्हा थांबली.

त्या कामावर राबलेल्यांपैकी स्थानिक माणसे मालपे-पेडण्याच्या आसपास अजून आहेत; परप्रांतीय मजुरांपैकी बहुतेक आपापल्या मुलखाला परतले, त्यांचा माग काढणे हेच माझ्या संशोधनाचे मुख्य अंग आहे. एका वृद्ध गृहस्थांकडे मी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी माझा कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “चिखलाचो फोटो काडशीत, बाबू, पण तेचां वजन कशात काडतलंस?” चित्रपटकलेविषयी याहून नेमका आक्षेप मी कोणत्याही महोत्सवाच्या चर्चासत्रात ऐकला नाही. तेव्हापासून हा माहितीपट बोगद्याच्या दृश्यांवर उभारण्याचा विचार मी सोडून दिला आहे. तो त्या माणसांच्या हातांवर, पाठीवर आणि बोलण्याच्या ओघावर उभा राहील, कारण चिखलाचे वजन जर कोठे शिल्लक असेल तर ते तेथेच.

डिचोलीच्या कथेचा इतिहास मात्र मला नेहमी स्वतःशी हसू आणतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोवा सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला; पुढे काही काळ परवानगी मिळून २०१८ च्या फेब्रुवारीत खाणपट्टे पुन्हा रद्द झाले. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात गंजत उभे, खनिज वाहणारे बार्ज निष्क्रिय, आणि शिरगावसारख्या गावी खाणीच्या खड्ड्यांत साठलेले हिरवट पाणी: अशा स्तब्ध काळात एका ट्रकमालकाच्या घरात घडणारी कथा मी लिहिली. ती स्तब्धताच त्या कथेचा नायक होती. परंतु कथेला निर्माता मिळण्यापूर्वीच २०२२ च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ साली डिचोलीत उत्खनन पुनश्च सुरू झाले. ज्याच्या अंगणातला ट्रक मी पाहून ठेवला होता त्याने तो विकलाही होता. तेव्हा आता ही कथा गतकाळाची करावी, की ट्रक विकून बसलेल्या माणसाच्या दारावरून दुसऱ्याचे ट्रक जाऊ लागतात तेथून ती नव्याने सुरू करावी, हा प्रश्न मी जाणूनबुजून खुला ठेवला आहे. इतिहासाने माझा मसुदा रद्द केला यात मला अन्याय वाटत नाही. त्याने मला अधिक चांगला दुसरा अंक दिला, अशीच माझी समजूत आहे.

चार विषयांची ही चार दप्तरे, आणि प्रत्येकाचा हाकीम निराळा. देवळाच्या आवारात चित्रीकरण करायचे तर देवस्थानचे महाजन, आणि त्यांच्यावर नियमाने प्रशासक असलेला मामलेदार. बांधावर जायचे तर कुळांची संघटना. बोगद्याकडे फिरकायचे तर रेल्वेची लेखी परवानगी. खाणीच्या हद्दीत तर पाऊल टाकण्याआधीच पहारेकरी. यांत प्रत्येक अर्जात चित्रपटाची भाषा कोणती हे लिहावे लागते. राज्याच्या योजना कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांतील चित्रपटांना साहाय्य करतात. पण पेडण्याचा माणूस घरात जे बोलतो, जात्रेत जे ऐकतो आणि वहीत जे लिहितो त्यांची वाटणी अशा रकान्यात सहज होत नाही. दशावतारी नट एकाच खेळात राजा म्हणून संस्कृतप्रचुर मराठी बोलतो आणि संकासूर होऊन मालवणी. प्रेक्षकाला त्यात काही अडत नाही, अडते ते फक्त अर्जाला.

या सर्व कागदांचे अंतिम स्थान म्हणजे दर नोव्हेंबरात पणजीला भरणारा मेळा. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात स्थिरावला, आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार २००७ पासून त्याच्या जोडीने भरू लागला. अपुऱ्या चित्रपटांना निर्माते, वितरक आणि परदेशी सहनिर्माते भेटावेत हा त्याचा हेतू, आणि त्यात पुष्कळांचे कल्याण झाले आहे हे मी आनंदाने मान्य करतो. आमच्या गोव्याच्या लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा ‘पलतडचो मुनिस’ याच महामंडळाच्या निर्मितीने झाला; महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरिकेवरून घडलेल्या त्या कोकणी चित्रपटाला २००९ साली टोरांटोला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या टोकाला बार्डरॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’; तो लोकवर्गणीतून उभा राहिला आणि गावोगावच्या सभागृहांतून लोकांनी तो पाहिला. म्हणजे वाट एकच नाही. परंतु वाट कोणतीही धरली तरी प्रारंभी एका वाक्यात विषय सांगावा लागतो, आणि पाठोपाठ प्रश्न येतो: हाच चित्रपट आत्ताच का?

हा प्रश्न मी वर्षानुवर्षे टाळीत आलो, कारण विचारणाऱ्यांच्या मनातील ‘आत्ता’ हा बहुधा एखाद्या वर्धापनदिनाचा, गाजलेल्या बातमीचा किंवा नुकत्याच चाललेल्या दुसऱ्या चित्रपटाचा असे. अलीकडे मात्र मला तो प्रश्न रास्त वाटू लागला आहे. उत्तराचे माप तेवढे बदलले पाहिजे. आमच्या पेडण्यात कोजागिरीला पुनव होते. तेव्हा भूतनाथाचे तरंग रुसून रानाकडे धावते, आपले देऊळ अजून का बांधले नाही असा जाब मागते, आणि भक्तगण त्याची समजूत घालून त्याला परत आणतात, असे सांगतात. देवाला दरवर्षी नव्याने रुसता येते, कारण त्याला काळाची घाई नाही. माणसांचे तसे नाही. तेव्हा कोणता चित्रपट आधी करावा याचा निर्णय मी आता एकाच कसोटीवर करतो: यातले काय सर्वांत आधी नाहीसे होणार आहे?

या कसोटीला चारही विषय लावून पाहिले म्हणजे बाजाराची क्रमवारी उलटी होते. दशावताराची कथा बाजारात सर्वांत पुढे आहे. पण दशावतार स्वतः जिवंत आहे, नवी मुले त्यात येत आहेत, आणि माझ्या नटाची भूमिका करणारा नट पाच वर्षांनीही भेटेल. खाजन क्षीण होत आहे हे खरे, परंतु त्याची नोंद रोज थोडी थोडी होऊ शकते, आणि ती होत आहे. डिचोलीची कथा अद्याप स्वतःच घडते आहे. तिला घाईने शेवट देणे हा तिच्यावर बलात्कारच ठरेल. राहता राहिला बोगदा, ज्याला कोणी सहनिर्माता नाही, ज्यात गाणे नाही, ज्याची एका वाक्यातली ओळख ऐकून समोरचा मनुष्य घड्याळाकडे पाहतो. पण त्या चिखलात ऐन तारुण्यात उतरलेली माणसे आज साठीच्या पुढे गेली आहेत. काहींची स्मृती सैल झाली आहे, काहींची छाती. आणि बोगद्याच्या अधिकृत दप्तरात लांबी, खर्च व तारखा असतील, पण माती आत येत असताना ती कशी ऐकू येते याची साक्ष देणारे दुसरे कोणतेही दप्तर नाही.

म्हणून बोगदा आधी. त्यासाठी छायालेखक नाही मिळाला तर मी स्वतः कॅमेरा धरीन, आणि संकलनाला पैसे नसतील तर साक्षी नुसत्या जतन करून ठेवीन. चित्रपट पुढे होईल. उरलेल्या तिघांनी थांबावे, आणि थांबण्यात त्यांचे नुकसान नाही हे आता मी ओळखून आहे. अर्जांच्या छापील नमुन्यात ‘प्रकल्पाची सद्यःस्थिती’ असा एक रकाना असतो. त्यात पूर्वी मी चारही विषयांपुढे ‘निधीच्या प्रतीक्षेत’ असे एकाच शाईने लिहीत असे. यंदा तिघांपुढे ‘चालू’ असे लिहिले आहे, आणि चौथ्यापुढे, कोणी कारण विचारल्यास सविस्तर सांगण्याच्या तयारीने, ‘तातडीचा’.